काढ्याची हंडी

आमच्याकडे औषध उकळायची हंडी कुणी परत करत नाही. शेजारणीने नेली की ती तिच्याकडेच राहते. आपल्याला लागली तर आपण जाऊन मागून आणायची. नेणाऱ्याने ती स्वतः आणून मालकाच्या उंबऱ्यावर ठेवणं म्हणजे आपल्या घरातलं दुखणं त्याच्या घरात आणून ठेवणं. शिडी परत करावी, कोयता परत करावा, माहेरी रुसून आलेली लेक परत करावी, हंडी नाही.

आमची हंडी मोठी होती. माणसांच्या काढ्याला लागते तशी वीतभर नव्हे, तिच्यात रांगतं पोर मावलं असतं. काळी, जाड बुडाची, एक कान तारेने बांधलेला. सासऱ्यांनी ती कुंभाराकडून खास कोंबड्यांसाठी भाजून घेतली होती, कारण मुळं लोखंडात उकळायची नसतात.

सासरे म्हणजे यान बाबा. एकेकाळी या दरीतला प्रत्येक माणूस आपलं मनगट त्यांच्यापुढे ठेवून बसलेला होता. मग माझा नवरा पाओखुई आजारी पडला. त्यांचा एकुलता एक. बाबांनी नाडी पाहिली, पुड्या बांधल्या, मी उकळल्या. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथला डॉक्टर म्हणाला, "इतके दिवस काय करत होतात?" नंतर त्याच डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की आधी आणलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. हे मी बाबांना कितीतरी वेळा सांगितलं. त्यांनी ऐकलं ते पहिलंच वाक्य.

गाव काही बोललं नाही. गाव नुसतं यायचं थांबलं. बाबांनी औषधांच्या खणांचं कपाट फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं, शाळेत मस्तीखोर पोराला उभं करतात तसं.

पोट तर भरायला हवं होतं. मी अंड्यांच्या कोंबड्या घेतल्या. लस दिलेली असूनही पहिल्याच हिवाळ्यात मानमोडी आली आणि निम्मी शेड रिकामी झाली. मान वाकडी करून, आकाशात काही हरवल्यासारख्या बघत त्या मरायच्या. बाबा दारात उभे राहून बघत होते. संध्याकाळी त्यांनी ते कपाट सरळ केलं. मला म्हणाले, "लस काय करते? शत्रूचा चेहरा दाखवते. पण चेहरा लक्षात ठेवायला अंगात ताकद नको? यांच्या अंगात काही नाहीये, पोरी."

ताकदीची ह्वांगछी मुळी आमच्या टेकड्यांवर पिकते. लांब, पिवळी, दोरखंडासारखी मुळं. पुढच्या लशीच्या आधी चार-पाच सकाळी बाबांनी तिचा काढा केला. प्रत्येक पोत्यातलं एक मूळ आधी स्वतः चावून पाहायचे. चांगलं मूळ चावलं की कच्च्या शेंगेचा वास येतो. तो आला की डोळे मिटून मान हलवायचे, आणि तेव्हाच मी चूल पेटवायची. पहिला उकाळा, दुसरा उकाळा, दोन्ही एकत्र करून गाळायचे. कोंबड्यांना पाजायच्या आधी हंडीला पालथा हात लावून बघायचे. "कोमट पाहिजे. गार औषध पोटात जाऊन नुसतं बसतं."

सरकारी पशुवैद्य हौ डॉक्टर आधी हसले. मग आमच्या कोंबड्यांचं रक्त तपासून आले तेव्हा हसायचं विसरले. "यान काका, काय घालता हो यांच्या पाण्यात? आख्ख्या तालुक्यात असं रक्त नाही कुणाच्या कोंबडीचं."

त्या दिवशी बाबांनी आंबवलेल्या भाजीच्या पाण्यातल्या शेवया दोन वाट्या खाल्ल्या. हळूहळू गल्लीत कुणी हाक मारली की ओ द्यायला लागले. माणसांची नाडी मात्र पुन्हा धरली नाही. कुणी मनगट पुढे केलंच तर म्हणायचे, "तुला पिसं आहेत का? नाहीत ना? मग जा दवाखान्यात."

एवढंच होतं त्यांच्याकडे. दोन शेडभर कोंबड्या आणि त्यांच्या रक्ताबद्दल एका सरकारी माणसाने काढलेला एक चांगला शब्द. मला हे ठाऊक होतं, म्हणून मी ते पातळ कवचाच्या अंड्यासारखं जपून धरत होते.

समोरच्या घरात रुईफांग राहते. नवरा दूर कुठेतरी बोगदे खणतो, वर्षातून एकदा येतो, तेव्हा कुत्रं त्याच्यावर भुंकतं. ती आणि मी एकाच हिवाळ्यात सुना म्हणून या गल्लीत आलो. माझ्या बाळंतपणात तिने माझं सगळं केलं. ते मूल राहिलं नाही, तेव्हाही तीच होती. आमच्या कोंबड्यांचं नाव झालं त्या वर्षी तिनेही कोंबड्या घेतल्या. पहिल्या दिवसापासून प्रत्येकीशी बोलायची. मी भिंतीवरून म्हणायचे, "अगं, एवढं तुझ्या नवऱ्याशी बोलली असतीस तर तो घरी राहिला असता."

"तो अंडी देतो का, वहिनी?"

शरद संपत आला तेव्हा पलीकडच्या दरीत मानमोडी असल्याची बातमी आली. लशीचा दिवस ठरला. रुईफांग आमच्याकडे आली आणि बाबांपुढे उभी राहिली, पदर नसला तरी पदर पसरल्यासारखी.

"काका, माझ्या पोरींनाही पाजा ना तुमचा काढा."

बाबांचा चेहरा मी बघत होते. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे औषध मागत होतं. त्यांनी उगीचच दाढी खाजवली, उगीचच विचार केल्यासारखं केलं.

"तुझ्या हाताने उकळ. कोंबड्यांना घरच्या माणसाचा हात कळतो. आमचं आज आटोपेल, मग हंडी घेऊन जा. मुळं मी देतो."

तिने हंडी उचलली तेव्हा बाबा उंबऱ्यापर्यंत गेले. मी तिथेच बटाटे सोलत होते, शब्दन् शब्द ऐकला.

"नीट ऐक. काढा कोमट. पण लशीच्या दिवशी लशीला विहिरीचं गार पाणी. त्या दिवशी काढा नाही, चूल नाही, काही नाही. आधी तहानू द्यायच्या, मग एकदम पाजायचं."

"हो हो, काका. कोमट. कळलं." ती हंडीच्या वजनाने वाकली होती आणि हसत होती. "बाई गं, तुमची हंडी आहे की तुमच्या सुनेची सवत? किती जड!"

"पडली तर तुलाच ठेवून घेईन तिच्या जागी," बाबा म्हणाले. बाबा थट्टा करत होते! मी सोललेला बटाटा सालांत टाकला आणि साल पाण्यात.

लशीच्या सकाळी जमीन गोठलेल्या दवाने पांढरी झाली होती. हौ डॉक्टर बर्फाच्या डब्यातून बाटल्या वाटून पुढच्या गावी गेले. आमचं आम्ही केलं, तिचं तिने. मग थंडी पडली, आणि थंडीच्या मागून मानमोडी दरी ओलांडून आली.

ती आमच्या शेडमध्येही आली असणार. काही दिवस कोंबड्या मलूल होत्या, अंडी कमी झाली. मग त्या सावरल्या. समोर मात्र रोज सकाळी रुईफांग शेडचं दार उघडायची आणि एक आवाज यायचा. रडणं नाही, ओरडणं नाही. जिन्याची पायरी चुकल्यावर तोंडातून निघतो तसा. रोज तोच.

हौ डॉक्टर आले, मेलेल्या आणि जगलेल्या, दोन्हींचं काय काय घेऊन गेले. परत आले तेव्हा गल्लीतच उभे राहून बोलले, आणि गल्लीत बोललेलं पुढे विहिरीपर्यंत आपोआप जातं. "रुईफांग, तुझ्या कोंबड्यांच्या रक्तात लशीचा मागमूस नाही. लस दिलीच नाही असं रक्त आहे हे."

"मी दिली! माझ्या हाताने दिली! शेवटचा थेंब पिईपर्यंत उभी होते मी."

"मग मला नाही कळत," ते म्हणाले. ते खरंच बोलत होते, पण न कळणारा डॉक्टर गावाला आवडत नाही. गावाने स्वतःच शोधून काढलं. विहिरीवर एकीने सांगितलं की काढ्याने लस मारली. दुसरी म्हणाली, म्हाताऱ्याच्या कोंबड्या तोच काढा पिऊन जगल्या, म्हणजे त्याने स्वतःसाठी पहिल्या उकाळ्याची चांगली मुळं ठेवली आणि हिला उकळून झालेला चोथा दिला. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं. गावाला त्याची अडचण नव्हती. आणि मग कुणीतरी, हळूच, पाओखुईचं नाव घेतलं.

मी बादली तिथेच टाकून घरी आले. बाबा खणांच्या कपाटापुढे बसले होते, एकेक मूळ चावून बाजूला ठेवत होते. जिभेवर पिवळा चोथा.

"शेंगेचा वास येतोय गं," ते म्हणाले. "तुला येतो का बघ. मला येतोय, पण मी आता माझ्यावर कसा विश्वास ठेवू?"

मी चावलं. येत होता. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण डोळे मिटले नाहीत.

रुईफांगच्या उरलेल्या कोंबड्याही मेल्या आणि त्या पुरायला खड्डा खणला तेव्हा मी गेले. ती मला बघून म्हणाली, "या. पहिल्या उकाळ्यावाली आली."

"फावडं दे," मी म्हणाले.

एक थर कोंबड्या, एक थर चुना. चुन्याने पिसं आणखी पांढरी दिसतात, झोपलेल्या बदकांसारखी. मग तिचा राग दमला, आणि ती चुन्याच्या पोत्यावर बसून बोलायला लागली, माझ्याशी नाही, खड्ड्याशी.

"मी काय कमी केलं यांना? सांग. कधी गार पाणी दाखवलं नाही. लशीच्या दिवशीसुद्धा. बिचाऱ्या तहानलेल्या, बाहेर एवढं पांढरं पडलेलं. आणि लशीच्या पाण्यात घालायची ती दुधाची पावडर गार पाण्यात विरघळते कुठे? गोळे गोळे होतात. मी चुलीवरची किटली ओतली, चांगलं बाळाला न्हाऊ घालायचं असतं तसं ऊन पाणी केलं, मग औषधाची बाटली घातली. काकांनी सांगितलं तसंच. कशा प्यायल्या माहितीये? वाफ येत होती, आणि माना वर करून करून प्यायल्या."

माझ्या हातातलं फावडं चुन्यात तसंच राहिलं.

आमच्याकडे गार पाणी कुणी कुणाला देत नाही. पाहुण्याला नाही, बाळंतिणीला नाही, तापकऱ्याला नाही. शत्रू दारात आला तरी आधी किटली ठेवतात. लशीतला जीव त्या ऊन पाण्यात, त्या मायेत, बाटलीतून पडल्या पडल्या मेला होता. आणि तिने दुधाचा गोळासुद्धा राहू दिला नव्हता.

मी तोंड उघडलं. तिने वर पाहिलं. तिच्या भुवयांवर चुना बसला होता, म्हातारी दिसत होती.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. भुवया पूस. डोळ्यात जाईल."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते उठून उभे राहतील, की चला, निदान मी नव्हे. ते झोपायच्या, खालून जाळ घातलेल्या गरम ओट्याच्या कडेला बसून राहिले. मग म्हणाले, "वाफ येत होती म्हणाली?"

"हो."

"मी सांगितलं होतं तिला, नाही? गार म्हणून. मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. मी बटाटे सोलत होते."

"हां." त्यांनी एक लांब श्वास सोडला. तेवढीच त्यांची सुटका. तो श्वास संपला तशी तीही संपली. "तिला बोललीस का?"

"नाही."

"नको बोलूस. इतके दिवस काय करत होतात, हे एकदा कुणी म्हटलं की माणूस पुढे काय ऐकतं? काही नाही ऐकत."

मला ते पटलं नाही. मी रागावलेही. "म्हणजे विहिरीवर जे चाललंय ते चालू द्यायचं? पाओखुईचं नाव काढतात, बाबा."

"काढू दे. त्याची सवय आहे मला."

हिवाळा तसाच गेला. नव्या वर्षाला आमच्या दारावर लाल कागद लागले, तिच्या दारावर लागले, पण कुणी कुणाकडे कणकेच्या मोदकांची वाटी नेली नाही. हंडी तिच्याकडेच होती. आम्हाला लागलीही नाही, लशीची पुढची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "नुसतीच लस दे." कपाट त्यांनी भिंतीकडे फिरवलं नव्हतं, पण त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या ठेवायला मला परवानगी मिळाली होती, म्हणजे तेच झालं.

बर्फ वितळलं आणि रुईफांगच्या अंगणातून पिल्लांचा आवाज यायला लागला. बोगद्यातून नवऱ्याने काहीतरी धाडलं असावं. यावेळी थोडीच होती. मी भिंतीवरून पाहिलं, तिने पिल्लांच्या पाण्याच्या थाळ्या भरल्या, आणि प्रत्येक थाळीत किटलीतून थोडं थोडं ओतलं.

मी बाबांना ते सांगितलं, कारण ते मला एकटीला पेलत नव्हतं. मोठी झाल्यावर लशी येणार. ती पुन्हा वाफ येणारं पाणी करणार. पुन्हा खड्डा.

"मी जाऊन सांगते आता सरळ," मी म्हणाले. "चिडू दे. रडू दे."

बाबांनी चहाचा मग खाली ठेवला. टोपी घातली. बाहेर निघाले तेव्हा मला वाटलं कोंबड्यांकडे चालले. ते गल्ली ओलांडून तिच्या दारात गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी मागोमाग गेले, पण गल्लीच्या मध्यावर थांबले. शेजारच्या दोन बायका सूप घेऊन धान्य पाखडत बसल्या होत्या. त्यांची सुपं थांबली.

"रुईफांग," बाबा म्हणाले, चांगलं मोठ्याने. "तुला एक सांगायचं राहिलं होतं."

ती हात पुसत बाहेर आली. "काय राहिलं?"

"लशीचं पाणी गार लागतं. विहिरीचं. ऊन पाण्यात लस मरते. पावडरचे गोळे झाले तर काडीने फोडायचे, पण पाणी गारच. मागच्या वेळी मी तुला हे सांगायचं विसरलो. म्हातारपण."

मी तिचा चेहरा बघत होते, आणि मला दिसत होतं की ती त्या सकाळपर्यंत मागे चालत चालली आहे. किटली, वाफ, वर केलेल्या माना. आता पोचेल, मला वाटलं. आता तिला आठवेल, उंबरा, हंडीचं वजन, 'हो हो, काका.' क्षणभर आठवलंही असावं. तिचे ओठ हलले. मग तिच्यापुढे बाबा उभे होते, अपराधाने मान खाली घातलेले, हाताशी असलेले. आणि तिने तेच धरलं. कुणीही धरलं असतं.

"विसरलात?" तिचा आवाज चढला. "काका, विसरलात? माझी आख्खी शेड, आणि तुम्ही विसरलात?"

"विसरलो."

"मग कशाला देता औषधं लोकांना? डोकं जागेवर नाही तर कशाला देता? पोटच्या पोराला..."

ती थांबली. तेवढं तिच्यात होतं, की थांबली. पण वाक्याचा उरलेला भाग गल्लीतल्या सगळ्यांनी आपापला पुरा केला.

"बाबा," मी म्हणाले. एवढंच. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेपुढे मी उरलेलं गिळलं. आजही कधी कधी ते वर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर हंडी उंबऱ्यावर होती. धुतलेली, घासलेली, कानाची गंजकी तार काढून नवी बांधलेली. शिव्या देणाऱ्या माणसाने तार बदलावी, हे फक्त रुईफांगच करू जाणे.

मी भडकले. चौकात नेऊन फोडते म्हणाले. परत आलेल्या हंडीला तेवढाच उतारा आहे. बाबा उठून आले. खाली बसून त्यांनी तिच्या बुडावरून हात फिरवला, आत वाकून वास घेतला.

"आहे अजून," म्हणाले. "शेंगेचा. आत घे."

"बाबा, दुखणं घरात घेताय."

"घरात नवीन काय येणार आहे आता?" आणि मग, माझं तोंड बघून, "अगं, कोंबड्यांना बसायला होईल."

तसंच झालं. आमच्या अंगणात एक लंगडी कोंबडी मोकळी फिरते, पिंजऱ्यात तिला बाकीच्या टोचतात. तिने त्या हंडीत गवत ओढलं आणि खुडूक होऊन बसली. बाबांकडे आता कुणी येत नाही, अगदी पिसंवालंसुद्धा. हौ डॉक्टर आले तर मलाच विचारतात, आणि मोठ्याने बोलतात, जसं विसरभोळ्यांसमोर बोलतात. बाबा उन्हात बसून ऐकतात.

रुईफांगची पिल्लं वाढून तलंगा झाली आणि तिच्या लशीचा दिवस आला. मी भिंतीशी उभी होते. ती विहिरीवरून दोन बादल्या घेऊन आली, हात कोपरापर्यंत लाल झालेले. बादलीत बोट बुडवलं, काढलं, पुन्हा बुडवलं. मग काडी घेऊन दुधाचे गोळे फोडत बसली, एकेक, गालिच्यातली माती काढावी तशी. आमच्या दाराकडे तिने पाहिलं नाही.

बाबांचे डोळे आता एवढ्या लांबचं बघत नाहीत.

"काय करतेय?" त्यांनी विचारलं.

"पाणी बनवतेय."

"वाफ आहे?"

मी पुन्हा नीट पाहिलं. त्यांना नुसतं बरं वाटावं म्हणून मला काही सांगायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "वाफ नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.